उलट्या पावलांचा मान

टरबुजाची साल नानाच्या मागं पडली होती. सगळ्या चौकाला दिसत होती. नानाला दिसत नव्हती, कारण नाना उलटा चालत होता.

अखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. ऊन असं की ओट्याच्या दगडावर पापड भाजून निघावेत. गादी चौक माणसांनी गच्च भरलेला. गच्च्यांवर माहेरी आलेल्या पोरी. चौकातून बारागाड्या सुटणार होत्या. बारा गाड्या एकामागं एक दोरानं बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, वर माणसं चढवायची आणि अंगात आलेल्या भगतानं त्या ओट्यापासून वेशीपर्यंत ओढत न्यायच्या. भगताच्या पुढं डफडं. डफडं आमचं. आमचं म्हणजे मांगवाड्याचं. आणि ते वाजवत चालायचं उलटं. तोंड ओट्याकडं, पाठ वेशीकडं. ओट्यावर जुन्या जहागिरीची गादी मांडलेली असायची. तिला आम्ही पाठ दाखवायची नाही, असा दंडक.

भगताची पाठ गादीकडं असायची, ते चालायचं. त्याच्या अंगात देव असतो म्हणे. गाड्यांवर चढलेली माणसंही वेशीकडंच तोंड करून बसायची. त्यांच्या अंगात कुठला देव होता, ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही.

नाना माझा बाप. मी तेव्हा तिसरीत असेन. मायचा पदर धरून आम्हाला ठरवून दिलेल्या जागी उभी होते, गटारीच्या कडेला. साल कोणी टाकली ते मी बघितलं नाही. टाकल्यावर चौक कसा गप्प झाला, ते बघितलं. एवढी माणसं, आणि एकदम आवाज खाली. सगळ्यांचे डोळे नानाच्या टाचांवर. नाना आपला तालात. एक पाऊल मागं. अजून एक मागं.

मी ओरडायला तोंड उघडलं. मायनं हात दाबला तोंडावर. "चूप ऱ्हाय," ती म्हणाली.

नाना पडला. सपशेल, पाठीवर. डफडं छातीवर, टोपी गटारीत. आणि मग तो गप्प झालेला चौक हसला. ओट्यावरचे हसले, गच्च्यांवरच्या पोरी हसल्या, भगतसुद्धा हसला. देव अंगात असताना. डफडं थांबलं म्हणून गाड्या थांबल्या. ओट्यावरून, गादीचा कारभार बघणाऱ्या भाऊसाहेबांचा आवाज आला.

"पडना ते पडना, वाजाडानं कसाले बंद करं रे?"

पडला तर पडला, वाजवणं का बंद केलंस. नाना उठला. कोपर फुटलं होतं. त्यानं मागं वळून साल कुठं आहे ते बघितलं नाही. वळायचं नव्हतं ना. वाजवायला लागला आणि उलटाच चालत वेशीपर्यंत गेला.

घरी मायनं कोपरावर हळद दाबली. मी विचारलं, माझं तोंड का दाबलंस. ती म्हणाली, तू ओरडली असतीस तर बाप वाचला असता, पण मांगाच्या पोरीनं भर चौकात आवाज केला म्हणून संध्याकाळी सगळ्या वाड्याला ओट्यापुढं उभं केलं असतं. एवढं बोलून ती भाकरी थापायला बसली.

तेव्हापासून मी संशयी आहे. माणसांचा घोळका अचानक गप्प झाला की मी आधी मागं बघते. स्टाफरूममध्ये शिरताना बोलणं थांबलं की माझ्या पाठीवर काटा येतो. नवरा म्हणतो, तुला देवही प्रसन्न झाला तर तू त्याचं ओळखपत्र मागशील. मागीनच.

आमचं गाव चाळीसगावहून धुळ्याला जाताना लागतं. आता नुसतं बाजारपेठेचं गाव आहे. कापसाच्या गाड्या, कटलरीची दुकानं, मोबाईलवाले. पण गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. ते म्हणतील, राजधानी. कुठल्याशा जहागीरदाराची गादी इथं होती, आजूबाजूच्या खेड्यांचा न्यायनिवाडा इथं व्हायचा, म्हणून राजधानी. जहागीरदाराचे वंशज कधीच पुण्याला गेले. गादी राहिली, ओटा राहिला आणि कारभाऱ्याचं घर राहिलं. भाऊसाहेब त्या कारभाऱ्याच्या घरातले. राजा गेला तरी कारभार काही त्यांच्या हातातून गेला नाही. सोसायटीत तेच, शाळेच्या कमिटीत तेच, अखाजीला ओट्यावर तेच.

मी शिकले. कशी शिकले त्याचं रडगाणं इथं गात नाही. धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्या तासांची प्राध्यापक. मे महिन्यात मी कोणीच नसते.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात भाऊसाहेबांचा फोन आला. स्वतःचा. "मॅडम, जरा घरी या. गावाचं काम आहे." त्या घराच्या ओसरीची पायरी मी जन्मात चढले नव्हते, आणि आता मॅडम. पाणी कुठंतरी मुरतंय, हे कळायला इतिहासाची डिग्री लागत नाही.

गेले. खुर्ची दिली. चहा आला. मी कप बघितला. सगळ्यांसारखाच होता. कानही तुटलेला नव्हता. मग मला स्वतःचाच राग आला की बाई, इथंही कप तपासतेस. पण तपासला.

भाऊसाहेब आता थकलेत. केस पांढरे, आवाज मात्र तोच. शेजारी नाशिकहून आलेला एक तरुण बसला होता, कार्यक्रमांचं नियोजन करणारा. चौकाचं सुशोभीकरण होणार होतं. फरशा, कारंजं, रंगीत दिवे. आणि ओट्याच्या मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चौकाचा इतिहास. तो मी लिहायचा. खाली माझं नाव येणार. उद्घाटनाच्या दिवशी तोच इतिहास लाऊडस्पीकरवरून ऐकवणार.

"गावाची लेक आहे. शिकलेली आहे. आपल्या माणसानंच लिहिलं पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले.

आपल्या माणसानं. मी चहा खाली ठेवला. गावात इतिहासाचे दोन रिटायर मास्तर आहेत. एक तर त्यांच्याच भावकीतला. त्यांना सोडून माझ्याकडं का? मला उत्तर सापडलं नाही, म्हणून भीती वाटली. तरी हो म्हणाले. का म्हणाले तेही सांगते. त्या भिंतीवर आमच्यातलं कोणाचं नाव कधी लागलं नव्हतं. मला ते हवं होतं.

मी मन लावून लिहिलं. वाड्यातल्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं, बाजारातल्या लोकांना विचारलं. ओटा कशासाठी बांधला. निवाड्याच्या दिवशी कोण कुठं बसायचं, कोण कुठं उभं राहायचं. दवंडी देणारा ओट्याखाली अनवाणी कसा उभा असायचा. चौकातला नळ आला तेव्हा आमच्या बायकांच्या घागरी कुठपर्यंत आल्या आणि कोणी उलट्या केल्या. आमच्या वाड्याची जयंतीची मिरवणूक कित्येक वर्षं चौकात न आणता मागच्या गल्लीनं का वळवायचे. स्वातंत्र्याचा झेंडा पहिल्यांदा ह्याच चौकात लागला, तेही लिहिलं, आणि तेव्हा झेंड्याच्या काठीचा खड्डा कोणी खणला, तेही. शेवटी बारागाड्यांपुढचं उलटं चालणं. शिवी दिली नाही, रडले नाही. जे होतं ते मांडलं.

ते दिलं आणि वाट बघत बसले. फोन आला नाही. मी केला तर, "बघतोय, बघतोय."

मग एका रविवारी मी माहेरी गेले तर नाना अंगणात उलटा चालत होता.

एकटाच. डफडं गळ्यात, हात तालात, तोंड घराकडं, पाय मागं मागं. सत्तरी उलटलेला माणूस. गावात डीजे आल्यापासून ते डफडं खुंटीला होतं. बारागाड्यांपुढंही आता डीजेच असतो, गाडीवर चढवलेला, त्याला कुणाकडं तोंड करायची गरज पडत नाही. आणि इथं नाना विस्तवावर डफडं शेकून, कातडं ताणून, घामाघूम होऊन उलटा चालत होता. माय दारात बसून गहू निवडत होती. तिचं तोंड बघूनच मला कळलं की घरात काहीतरी शिजलंय.

भाऊसाहेबांची माणसं येऊन गेली होती. मला फोन करण्याच्या आधीच. फेटा देऊन गेली होती, भगवा, जरीचा, आणि फोनवर भाऊसाहेबांशी बोलणं करून दिलं होतं. उद्घाटनाला नानानं गादीपुढं वाजवत उलटं चालायचं. तसंच, जुन्यासारखं. म्हणजे आधी कोंबडं धरून ठेवलं होतं, मग मला विचारलं की रस्सा कसा करायचा.

"नाना, हे काय?"

"भाऊसाहेब सोता बोलनात. तो मान आपलाच शे," नाना म्हणाला.

"मान?"

"मना बाप चाले. मना आजा चाले. कधी पडनात नही. मी पडनू." त्यानं डफड्यावर बोटं फिरवली. "एक डाव न पडता चालीसन दाखाडसू."

एकदा न पडता चालून दाखवायचं होतं त्याला. इतकी वर्षं ह्या माणसाच्या मनात काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटायचं, तो विसरला. मग वाटायचं, तो आतून जळत असेल. दोन्ही नाही. त्याला वाटत होतं की चूक त्याची होती. साल टाकणाऱ्याची नाही, हसणाऱ्यांची नाही. त्याच्या बापजाद्यांना जमलं ते त्याला जमलं नाही, एवढंच. लहानपणी नाल्याच्या वाळूत त्याच्या आजानं त्याला उलटं चालायला शिकवलं होतं. मागं न बघता धोंडा ओळखायचा. "मना पाठले डोया शेत," असं तो आम्हाला हसत सांगायचा. तो पाठीचा डोळा एकदा चुकला आणि ते त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं.

अपमान करणाऱ्यानं अपमान केला तर त्याच्याशी भांडता येतं. पण बापानं तो मान म्हणून पेटीत जपून ठेवला असेल तर भांडायचं कोणाशी?

माय सुपातले खडे वेचता वेचता म्हणाली, "मान शे ना? मंग चालू दे ना भाऊसाहेबना आंडोरले उलटा."

भाऊसाहेबांच्या पोरानं उलटं चालायचं, हे ऐकून नाना तिच्यावर खेकसला. ती गहू निवडत राहिली.

मी तशीच भाऊसाहेबांकडं गेले. नाशिकचा तो तरुण तिथंच होता. त्यानं मोबाईलवर भिंतीचा नमुना दाखवला. वर ओट्याचं चित्र. खाली मजकूर. मी वाचला. नळ नव्हता. घागरी नव्हत्या. मिरवणूक नव्हती. खड्डा खणणारे नव्हते. झेंडा होता. राजाची न्यायप्रियता होती, जी मी लिहिलीच नव्हती. आणि शेवटी, "अठरापगड जाती येथे गुण्यागोविंदाने नांदत. गादीसमोर उलट पावली वाजवत जाण्याचा मान मातंग समाजाला होता." त्याखाली माझं नाव. नावाआधी प्राध्यापक.

"हे मी लिहिलेलं नाही."

"इतिहास तुमचाच आहे, मॅडम," भाऊसाहेब म्हणाले. "आम्ही फक्त शुद्धलेखन बघितलं."

आता मला कळलं की मास्तरांना सोडून मला का बोलावलं. हे वाक्य भावकीतल्या मास्तराच्या नावानं लागलं असतं तर वाड्यातल्या एखाद्या पोरानं तरी प्रश्न विचारला असता. माझ्या नावानं लागलं की प्रश्न संपला. मांगाची शिकलेली पोरगीच म्हणते मान, मग तुम्ही कोण? माझा हात धरून माझ्याच बापाच्या तोंडावर ठेवायचा होता.

मी म्हणाले, नाव काढा. नानालाही बोलावू नका.

"अहो मॅडम, तुम्ही चिडू नका. तुमच्या बापाला मी विचारलं, काय रे, चालशील का? तर तो एका पायावर तयार."

मला अहो, माझ्या बापाला अरे. एकाच दमात. भाऊसाहेब नानापेक्षा वयानं लहान आहेत.

मग ते सावकाश म्हणाले, "तुमच्या कॉलेजच्या मॅनेजमेंटला आपले पाहुणे आहेत. तुमचं कायमचं व्हायला पाहिजे आता. मी बोलणारच होतो."

आवळा पुढं केला होता आणि मागं कोहळ्यासाठी पिशवीही उघडी होती. मी पुन्हा म्हणाले, नाव काढा. ते म्हणाले, काढतो. अगदी लगेच म्हणाले. त्यामुळंच माझा विश्वास बसला नाही.

घरी नानाशी बोलले. तासभर बोलले. वर्गात शिकवते तसं सगळं सांगितलं, दंडक कोणी केला, कोणासाठी केला. तो ऐकून घेत होता, पण त्याचे कान दुसरीकडं होते. शेवटी म्हणाला, "तू शिकनी, तुले मान मियना. माले एकच मियेल शे. तोबी तुले देखावत नही का?" तुला शिकून मान मिळाला, मला एकच मिळालाय, तोही तुला बघवत नाही का. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं आत गेले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी चौकात तालीम होती. मी जाणार नव्हते. माय म्हणाली, मी जाते, तू नको येऊ. तिला एकटीला कशी सोडणार? गेले.

चौक ओळखू येत नव्हता. लाल-करड्या फरशा, मधे कारंजं, ओट्याला गुळगुळीत दगड बसवलेला. गादीवर नवी खोळ. दुकानदार, कमिटीची माणसं, पोरंटोरं, सगळे कडेनं उभे. गटारीवर आता झाकण आहे, पण आमची माणसं आपसूक त्याच कडेला उभी राहिली होती. कोणी सांगितलं नव्हतं. मीही तिथंच उभी आहे, हे लक्षात आल्यावर मला शरम वाटली आणि मी दोन पावलं पुढं झाले.

नाना फेटा घालून ओट्यापुढं आला. छाती काढलेली. वाजवायला लागला. खरं सांगते, वाजवतो छान. हाताला अजून ती लय आहे. पहिली थाप पडली तसं माझ्याही अंगावर काहीतरी आलं, बापाचा अभिमान म्हणा. आणि मग तो मागं सरकायला लागला. लोकांनी मोबाईल वर केले. चौक गप्प झाला. पुन्हा तीच शांतता. सगळ्यांचे डोळे त्याच्या टाचांवर. पडेल का, बघू. कोणी काही टाकलं नव्हतं. टाकायची गरजच नव्हती. माणसं वाट बघत होती.

लाऊडस्पीकर सुरू झाला. भाड्यानं आणलेल्या कुणाचातरी जाड, गोड आवाज. राजधानी, न्यायप्रिय राजा, गुण्यागोविंद. मी कान टवकारून ऐकत होते. "प्राध्यापिका" आणि पुढं माझं नाव. "यांच्या संशोधनानुसार गादीसमोर उलट पावली जाण्याचा मान..."

पुढचं ऐकू आलं नाही. मायकडं बघितलं. तिनं स्वतःच्या तोंडावर पदर दाबला होता. मी चालायला लागले. पळाले नाही. सगळ्या चौकाच्या देखत, चपला वाजवत, सरळ गेले आणि नानाच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले.

त्याची पाठ मला धडकली. घामेजलेली.

"कोण शे?" तो म्हणाला. मान वळवली नाही.

"मी शे, नाना."

"सरक."

"नही."

"मना ताल चुकस, सरक!"

मी पाय रोवले. तो जागच्या जागी वाजवत राहिला. डाव्या बाजूनं निसटायला बघितलं, मी डावीकडं झाले. उजवीकडं, मी उजवीकडं. लोक हसले. हसू देत. मी लहान नव्हते आणि माझ्या तोंडावर कोणाचा हात नव्हता.

"मॅडम, काय तमाशा लावलाय? बाजूला व्हा," ओट्यावरून भाऊसाहेब.

"होणार नाही."

नाशिकचा तरुण धावत ओट्याजवळ गेला. हळू बोलत होता, पण माईक त्याच्या हातात होता आणि सुरूच होता. त्यामुळं गावानं ऐकलं. "सर, उद्या ह्यांचं फिक्स नाही वाटत. फेटा दुसऱ्या कोणाला घालू का?"

आणि भाऊसाहेब. माईकजवळच. "घाल की. मांगवाड्यात माणसं कमी आहेत का? कोणीही चालेल. वाजवणाऱ्याचं तोंड कोण बघतंय?"

चौकभर घुमलं ते.

डफडं थांबलं. मला नानाचं तोंड दिसत नव्हतं, पाठ दिसत होती. त्या पाठीचा श्वास वर गेला आणि तिथंच राहिला. खूप वेळ. मला वाटलं, ह्याला काही होतंय का. मग तो ओट्याकडं बघत, साध्या आवाजात बोलला.

"कोनीबी चाली? मंग माले कसाले बलायं, भाऊसाहेब?"

कोणीही चालेल, मग मला कशाला बोलावलं. भाऊसाहेब त्या तरुणाला म्हणाले, "आधी तो माईक बंद कर."

नानानं फेटा काढला. ओट्यावर ठेवला नाही, फेकला नाही. खाली फरशीवर ठेवला. डफडं खांद्यामागं टाकलं. आणि वळला. त्या चौकात, गादीपुढं, माझा बाप वळला. वळताना अडखळला, इतकी ती गोष्ट त्याच्या पायांना नवी होती. गादीकडं पाठ करून माझ्यापुढं उभा राहिला तेव्हा त्याचं तोंड मला दिसलं. ते तोंड आनंदाचं नव्हतं. माझ्यावरचा राग होता त्यात, आणि रागाच्या खाली काहीतरी मोडलेलं. मी हात पुढं केला. त्यानं धरला नाही. माझ्या बाजूनं निघून वेशीकडं सरळ चालत गेला, माय त्याच्यामागून.

गोष्ट इथं गोड होत नाही. उद्घाटन झालं. परगावाहून एकाला आणलं, फेटा घातला, तो उलटा चालला, टाळ्या पडल्या. भिंत उभी आहे. माझं नाव तिच्यावर आहे. काढा म्हणून मी लेखी दिलं, तोंडी सांगितलं, नगरपालिकेत जाऊन बसले. हा म्हणतो त्याच्याकडं, तो म्हणतो ह्याच्याकडं. जूनमध्ये कॉलेजनं सांगितलं, यंदा वर्कलोड नाही. मी विचारलं नाही कोणाचे पाहुणे बोलले. शिरपूरकडच्या एका कॉलेजात थोडे तास मिळालेत, एसटीनं जाते.

वाड्यातली काही माणसंही माझ्यावर नाराज आहेत. म्हणतात, गावात राहायचं आम्हाला आहे, ती तर धुळ्याची झाली. त्यांचा राग मला कळतो. त्यांच्यावरही मी पूर्ण विश्वास ठेवत नाही, हेही सांगून टाकते.

नाना माझ्याशी किती दिवस बोलला नाही. अजूनही मोजकंच बोलतो. त्याचा एकुलता एक मान मी हिसकावला की त्याच्या मानेवरचं जू काढलं, हे त्याचं त्यालाच ठरवायचंय. मी त्याला समजवायला जात नाही. मात्र चौकातून जाताना तो आता ओट्याकडं बघत नाही, असं माय सांगते.

यंदाच्या अखाजीला 'मानाचे वादन' पुन्हा ठेवलंय. फलक लागलेत. दरवर्षी करणार म्हणे, परंपरा म्हणून. कोण वाजवणार ते अजून ठरलेलं नाही. कोणीही चालेल, त्यांचं ठरलेलंच आहे.

माझंही ठरलंय. इथं लिहून देते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई अचानक घुसली. भिंतीवरचं माझं नाव मी भर बाजाराच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, माझ्या हातानं खरवडून काढणार. केस करायची तर करा. आणि अखाजीला मी चौकात असणार. फेट्यातला माणूस आपल्या वाड्यातला असो की परमुलखातला, माझ्या ओळखीचा असो की नसो, तो मला शिव्या देवो, पोलीस मला उचलून नेवोत, पुढच्या वर्षी मी परत येणार. त्याच्या पाठीमागं उभी राहणार. तो धडकला तरी हटणार नाही. पुढं जायचं असेल तर त्याला वळावं लागेल.